‘बेळगाव मतदारसंघ’ म्हणजे नक्की कोणता? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

निवडणूक जवळ आली की सीमाभागात मोबाईलवर इतिहास फिरू लागतो. कोण किती वेळा निवडून आलं, कुणाचा गड कधी ढासळला, सगळं चार ओळींत. या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत हेच चार ओळींचे संदेश जसेच्या तसे उतरवून ‘हे खरं का?’ असं विचारलंय. म्हणून सगळी पत्रं एकत्रच घेतो.

प्रश्न : बेळगावकरांनी मुंबईच्या विधानसभेसाठी मतदान केलं होतं, असं वडील सांगतात. खरं का? (टिळकवाडी)

खरं. १९५२ ची निवडणूक मुंबई राज्यात असतानाच झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९५७ पासून आमदार बंगळूरला जाऊ लागले.

प्रश्न : बेळगाव उत्तर आणि दक्षिण हे मतदारसंघ पहिल्यापासून आहेत का? (महांतेशनगर)

नाहीत. २००८ पासून आहेत.

प्रश्न : ‘१९५७ पासून २००८ पर्यंत बेळगाव शहरात समिती एकदाही हरली नाही, फेररचनेनं घात केला’ असा संदेश आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आलाय. पुढे पाठवू का? (वडगाव)

पाठवू नका. सुंठणकर, सायनाक, माने, महागावकर, तरळे ही समितीच्या आमदारांची नावं जुन्या पिढीला तोंडपाठ आहेत आणि शहरावर महाराष्ट्र एकीकरण समितीची पकड किती घट्ट होती हे त्यांवरून दिसतंच. पण १९९९ ला बेळगावची जागा काँग्रेसच्या रमेश कुडची यांनी जिंकली, २००४ ला पुन्हा त्यांनीच. फेररचना, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दींची नवी आखणी, त्यानंतर आली. शहरातला पराभव आधीचा आणि नवी हद्द नंतरची. हा क्रम उलटा लावला की समितीच्या घरातली बेकी झाकली जाते. संदेश लिहिणाऱ्याला नेमकं तेच हवं असावं.

प्रश्न : निवडणूक आयोगाच्या जुन्या निकालांत समितीचे आमदार शोधले तर बहुतेक ठिकाणी ‘अपक्ष’ असं दिसतं. ऑफिसमधला एकजण म्हणतो, ‘समितीचे आमदार कधी नव्हतेच.’ त्याला काय सांगू? (शहापूर)

निकालाचं पान नीट वाचा म्हणावं. त्या पानावर उमेदवाराचं नाव, पक्षाचा रकाना आणि मिळालेली मतं असतात. पक्षाच्या रकान्यात आयोगाच्या दफ्तरी जी नोंद आहे तेवढीच येते. समिती हा मान्यताप्राप्त पक्ष नाही. तिचे उमेदवार बहुतेक वेळा अपक्ष म्हणून अर्ज भरतात आणि मिळेल त्या मोकळ्या चिन्हावर लढतात. अलीकडचंच बघा. २०२३ ला बेळगाव दक्षिणमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले रमाकांत कोंडुसकर समितीचे उमेदवार होते हे गावाला ठाऊक आहे. कागदावर मात्र ते अपक्ष.

तेव्हा आयोगाचा कागद खोटा नाही आणि तुमची आठवणही खोटी नाही. दोन्ही जुळवावं लागतं. त्या काळच्या वर्तमानपत्रांत समितीची अधिकृत यादी छापून येत असे. ती यादी आणि निकालाचं पान शेजारी शेजारी ठेवायचं. मात्र जपून. काही निवडणुकांत दोन-दोन गटांनी ‘अधिकृत’ उमेदवार दिले आहेत, २०१८ चं उदाहरण ताजं आहे. अशा वेळी ‘समितीची मतं’ म्हणून आकडा लिहायचा तर कोणत्या गटाची, हेही लिहावं लागतं. खात्री नसेल तर ग्रंथालयात जाऊन जुने अंक पाहा. ऑफिसात वाद घालून यातलं काही ठरत नाही.

प्रश्न : जुन्या बेळगाव मतदारसंघात समितीला पडलेली मतं आणि २००८ नंतर उत्तर व दक्षिण मिळून पडलेली मतं यांचा तक्ता मी केला आहे. त्यावरून शहरातला मराठी टक्का किती घसरला हे काढता येईल का? (अनगोळ)

नाही. आणि हा तक्ता मला इतक्या जणांनी इतक्या रंगांत पाठवलाय की आता सविस्तर लिहिणं भाग आहे.

आधी हद्द. २००८ पूर्वी बेळगाव आणि त्याच्या आजूबाजूला बेळगाव, उचगाव आणि बागेवाडी असे तीन मतदारसंघ होते. २००१ च्या जनगणनेवर झालेल्या फेररचनेनं ते मोडले आणि बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण असे तीन केले. जागा तीनच राहिल्या, पण आतली जमीन हलली. उचगाव आणि बागेवाडी ही नावं विधानसभेच्या नकाशावरून गेली. उत्तर आणि दक्षिण म्हणजे जुन्या बेळगावचे सरळ दोन तुकडे, असं समजून तुम्ही बेरीज केली आहे. तसं नाही. एका शहराच्या एका जागेच्या दोन झाल्या, म्हणजे जुन्या हद्दीबाहेरचे मतदार आत आल्याशिवाय हे शक्यच नव्हतं. त्यांनी २००४ ला दुसऱ्याच मतदारसंघात, दुसऱ्याच उमेदवारांना मतं दिली होती. अभय पाटील यांचंच बघा. २००४ ला ते भाजपतर्फे बागेवाडीतून आमदार झाले आणि २००८ ला बेळगाव दक्षिणमधून. तुमच्या तक्त्यात पहिली निवडणूक नाहीच आणि दुसरी आहे.

त्याआधीचीही तीच गत. १९७८ ते २००४ ही साधारण एक चौकट होती, म्हणून त्या वर्षांची आपसात तुलना थोडीफार चालते. १९५७ किंवा १९६२ चा आकडा उचलून २०२३ शेजारी मांडला तर दोन्हींवर ‘बेळगाव’ लिहिलंय, एवढंच साम्य उरतं.

दुसरी गोष्ट भाषेची. मतपेटीत भाषा पडत नाही, मत पडतं. २०१३ ला दक्षिणमधून समितीचे संभाजी पाटील निवडून आले, २०१८ ला तिथेच अभय पाटील. पाच वर्षांत मराठी माणसं गाव सोडून गेली का? खानापुरात २०१३ ला समितीचे अरविंद पाटील, २०१८ ला काँग्रेसच्या अंजली निंबाळकर, २०२३ ला भाजपचे विठ्ठल हलगेकर. मतदार जवळजवळ तेच. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांनी एक लाखाहून जास्त मतं घेतली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेत भाजपनं ५८ पैकी ३५ जागा जिंकल्या. टक्का काढणाऱ्यांनी यातला कोणता आकडा धरायचा? राष्ट्रीय पक्षांनी मराठी बोलणारे उमेदवार दिले, हिंदुत्वाचा मुद्दा आला, समितीत गट पडले, तरुण पोरांना नोकरी आधी दिसू लागली. या सगळ्याचा निकालावर परिणाम होतो. त्यातलं एकही कारण जनगणनेच्या भाषेच्या रकान्यात सापडत नाही. शिवाय जनगणनेचे भाषेचे तक्ते विधानसभा मतदारसंघाप्रमाणे निघतच नाहीत. मग ‘दक्षिणमध्ये अमुक टक्के मराठी, उत्तरमध्ये तमुक’ हे छातीठोकपणे सांगणारे आकडा आणतात कुठून? प्रत्येक पक्षाकडे स्वतःचा टक्का असतो आणि तो तिकीटवाटपाच्या सुमाराला वाढतो.

काम करायचंच असेल तर खालून करा. फॉर्म २० नावाचा निकालाचा तक्ता असतो. त्यात एकेका मतदान केंद्राची एकेक ओळ असते. डावीकडे केंद्राचा क्रमांक, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, मग वैध मतांची बेरीज, बाद मतं, ‘नोटा’. अलीकडच्या निवडणुकांचे हे तक्ते कर्नाटकच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. केंद्र कोणत्या शाळेत आणि कोणत्या गल्ल्यांसाठी, हे त्याच वर्षीच्या मतदार यादीवरून लावून घ्यावं लागतं, कारण केंद्रांचे क्रमांक बदलतात. शहापूरच्या चार गल्ल्या तीन निवडणुकांत नीट लावून बघा, तुमच्या रंगीत तक्त्यापेक्षा जास्त कळेल. त्यानंतरही निष्कर्ष छापण्याआधी संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला दाखवा. मला नको, मी इतिहासाचा माणूस.

प्रश्न : ४५६ उमेदवार उभे राहिले ती विधानसभेची निवडणूक होती ना? (कंग्राळी)

नाही, बेळगावची १९९६ ची लोकसभा. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि मतपत्रिकेची वही झाली. त्याच वेळी आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार होते, तिथला प्रश्न पाण्याचा. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये आणि विधानसभेची २५० वरून ५,००० रुपये झाली, अपक्षाला दहा सूचक लागू झाले. पुढे ती रक्कम २५,००० आणि १०,००० झाली. ‘पुन्हा तसंच करू’ म्हणणारी दोन पत्रं आली आहेत. एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते. तेव्हा आधी खिसा बघा, मग वकील.

प्रश्न : मी खानापूरचा. जिल्हा बेळगाव, तालुक्याचं काम बेळगावात, मग खासदार कारवारकडचा कसा? (खानापूर)

खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नड लोकसभेत येतात म्हणून. निपाणीवाले चिक्कोडीत मतदान करतात. जिल्ह्यात विधानसभेच्या अठरा जागा आणि बेळगाव लोकसभेत त्यांतल्या फक्त आठ. तुमचा आमदार जिल्ह्यातला आहे, खासदारापुरती ही गैरसोय. त्यावर उपाय पुढच्या फेररचनेच्या वेळी हरकत नोंदवणं हाच. आणि ती हरकत मुदतीत नोंदवायची असते, निकाल लागल्यावर नव्हे.

प्रश्न : पुढची फेररचना कधी? आणि उचगाव परत येईल का? (उचगाव)

घटनेप्रमाणे विधानसभेच्या जागांची फेरमांडणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे. उचगाव परत येईल की नाही, हे आज सांगणारा माणूस ज्योतिषी आहे किंवा इच्छुक उमेदवार.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयातल्या सीमाखटल्यात निवडणुकांचे निकाल पुरावा म्हणून चालतात का? समिती हरत राहिली तर दावा कमकुवत होतो, असं सांगून इथे मतं मागितली जातात. (येळ्ळूर)

महाराष्ट्रानं २००४ मध्ये घटनेच्या कलम १३१ खाली मूळ दावा दाखल केला आहे. तो राज्य विरुद्ध राज्य आणि केंद्र असा आहे, पक्ष विरुद्ध पक्ष असा नाही. ८०० हून अधिक गावं महाराष्ट्रात यावीत, ही त्यातली मागणी एका निवडणुकीच्या निकालानं उभी राहत नाही आणि आडवीही होत नाही. न्यायालय कशाला किती वजन देईल हे मी सांगणार नाही, तुम्हीही कोपरा सभेतल्या वक्त्यावर विसंबू नका. घटनेचं काम करणाऱ्या वकिलाला विचारा.

प्रश्न : महापालिकेत वर्षानुवर्षं मराठी महापौर होते, मग २०२१ ला एकदम काय झालं? (भांदूर गल्ली)

पूर्वी वॉर्डात पक्षाची चिन्हं नसत. निवडून आल्यावर मराठी गट, कन्नड गट अशी मोट बांधली जाई. २०२१ ला पक्ष चिन्हांवर उतरले. बाकीची कारणं वर लिहिली आहेत.

प्रश्न : एका एजन्सीनं ‘दक्षिण मतदारसंघाचा भाषावार, जातवार डेटा, १९५७ पासून’ असं पॅकेज देऊ केलंय. आमच्या युवक मंडळानं घ्यावं का? पैसे बरेच सांगतात. (जुने बेळगाव)

दक्षिण मतदारसंघ २००८ साली जन्मला. त्याचा १९५७ चा डेटा विकणाऱ्यांना आधी एवढंच विचारा. निकालांचे अहवाल आयोग फुकट देतो. जात आणि भाषा मतदार यादीत लिहिलेलीच नसते. आडनावावरून अंदाज बांधतात आणि त्यालाच डेटा म्हणतात. आपल्याकडे पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावं मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही, तेव्हा त्या अंदाजाची किंमत तुम्हीच करा. शिवाय त्यात लोकांचे मोबाईल क्रमांक असतील तर प्रकरण कायद्यात जाईल. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, आगाऊ रक्कम तर अजिबात देऊ नका.

प्रश्न : आम्ही शहापूरहून सदाशिवनगरला राहायला आलो, त्याला चार वर्षं झाली. नावं अजून तिकडेच आहेत. मतदानाच्या दिवशी आधार कार्ड दाखवून इकडे मत देता येईल का? (सदाशिवनगर)

नाही. आधार ओळख पटवतं, यादीत नाव घालत नाही. शहापूर दक्षिणमध्ये आहे, सदाशिवनगर उत्तरमध्ये, म्हणजे तुमचा मतदारसंघच बदललाय. फॉर्म ८ भरा. पत्ता बदलणं आणि दुरुस्ती आता त्या एकाच फॉर्मवर होते. नव्या पत्त्याचा पुरावा जोडा आणि तुमच्या भागातला बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) कोण, हे तहसीलदार कार्यालयात विचारून घ्या. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल होत नाही, आणि त्याआधीचे काही दिवस छाननीत जातात. दर निवडणुकीला मतदान केंद्राबाहेर यादी हातात घेऊन भांडणारे लोक दिसतात, त्यातले बरेचसे तुमच्यासारखेच घर बदललेले असतात. अर्ज केल्याची पावती जपून ठेवा. महिन्याभरात नाव दिसलं नाही तर तीच पावती घेऊन निवडणूक शाखेत जा. नाव दोन्हीकडे ठेवण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर ऐकू नका, तो गुन्हा आहे.