चिनी दारू बायज्यूला अननसाचा आणि गोठ्याचा, दोन्ही वास एकदम कसे येतात?

तुमच्या नाकात काही बिघाड नाहीये. मी कामासाठी चेंगडूला गेलो होतो तेव्हा जेवताना पहिला पेला नाकाशी नेला तर आधी पिकलेला अननस आणि मागोमाग थेट गावाकडचा गोठा, आणि यजमान समोर बसून बघतायत त्यामुळे तोंडही वाकडं करता येईना.

मूळ माल आपल्या ओळखीचाच, ज्वारी. बाटलीत ९८ टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी आणि अल्कोहोल असतं, वासाचा सगळा खेळ उरलेल्या दोनेक टक्क्यांत. तुम्ही घेतलीत ती बहुतेक सिचुआन प्रांताकडची (चेंगडू तिथलंच) उग्र वासाची असणार. तिथे वाफवलेल्या ज्वारीत गव्हाच्या बुरशी धरलेल्या विटांचा चुरा मिसळून ती मातीच्या खड्ड्यात भरतात, वरून चिखलाने लिंपतात आणि दोन-तीन महिने हातच लावत नाहीत. खड्ड्याच्या चिखलात क्लोस्ट्रिडियम नावाचे बॅक्टेरिया असतात, त्यांना हवा चालत नाही, ते हेक्झॅनोइक ॲसिड बनवतात. त्याचं जुनं नाव कॅप्रोइक, लॅटिनमधल्या शेळीवरून पडलेलं, कारण त्याला खरंच बोकडाचा वास येतो! आणि हाच बोकड अल्कोहोलशी जोडला गेला की इथाइल हेक्झॅनोएट होतं, तो तुमचा अननस. गोठा म्हणजे मुख्यतः पॅरा-क्रेसॉल, तोही चिखलाचीच देणगी (गुरांच्या मुतात पण असतो, त्यामुळे नाक अगदी बरोबर बोललं), जरासा असला तर चालतो पण जास्त झाला की तो दोषच धरतात.

चिखलात हे बॅक्टेरिया वर्षानुवर्षं मुरत जातात, म्हणून तिकडे जुन्या खड्ड्यांना एवढा मान, सिचुआनमधल्याच लुझोऊ शहरातले काही तर १५७३ पासूनचे सांगतात.

गोठा नकोच असेल तर शान्शी प्रांतातली फेनच्यू नावाची बायज्यू घेऊन बघा. ती जमिनीत पुरलेल्या रांजणात आंबवतात, चिखलाशी संबंधच नाही, त्यामुळे वास साधा, हलका, मुख्यतः इथाइल ॲसिटेटचा, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरवालं तेच पण इथे फळासारखं लागतं.

माओताई नावाच्या प्रसिद्ध बायज्यूचं मात्र वेगळंच आहे, तिच्या सोया सॉससारख्या वासाचं खापर अजून एका कुठल्या केमिकलवर फोडता आलेलं नाही. मी रात्री तिचा रिकामा पेला न धुता तसाच हॉटेलच्या टेबलावर ठेवला होता, सकाळी उचलला तर दारूचा पत्ता नाही आणि भाजल्यासारखा खमंग वास तसाच.