जागा निवडताना तिथल्या सगळ्यात आजारी माणसाकडे बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. आत्या ८२ वर्षांच्या, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, मध्ये बाथरूममध्ये पडल्या, घरी दिवसभर त्यांच्याजवळ थांबायला कोणी नाही, आणि तुम्ही दोन नर्सिंग होम बघून आलात, एक नवीन चकचकीत, दुसरं जुनं साधं, आणि त्यातलं सेफ कुठलं हे कळत नाहीये. मी बरीच वर्षं वृद्धांच्या वॉर्डात नर्स होते, नंतर घरातल्याच माणसासाठी अशी जागा शोधली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

इमारत, लॉबी, बाग यावरून काही ठरवू नका. दाखवायला जो माणूस फिरवतो तो तुम्हाला हिंडत्या-फिरत्या, गप्पा मारणाऱ्या आजी-आजोबांनाच भेटवणार आणि ते कुठेही बरेच दिसतात. तुम्ही बघायचं ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे, ज्याला बोलून तक्रार करता येत नाही आणि ज्याला भेटायला फारसं कोणी येत नाही. त्याचे ओठ कोरडे पडलेत का, नखं वाढलीत का, कपडे ओले आहेत का, पाण्याचा ग्लास हाताला येईल असा ठेवलाय की खोलीच्या दुसऱ्या टोकाला. कोणाचं पांघरूण उचलून बघा असं म्हणत नाहीये, जाता जाता दारातून दिसतं तेवढं पुरतं. आत्यांचा आजार वाढत जाणारा आहे, आज त्या बोलतायत, पुढे काय झालं ते त्यांना सांगता येईलच असं नाही, आणि तेव्हा त्यांचे हाल होणार की नीट निगा राहणार हे त्या बेडवरच्या माणसाकडे बघून आजच कळतं.

मग सरळ विचारा, सध्या किती जणांना बेडसोर (सतत एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आहेत, त्यातले इथे आल्यावर झालेले किती? चांगल्या ठिकाणी आकडा लगेच सांगतात, कारण तो लिहून ठेवलेला असतो. "आमच्याकडे होतच नाहीत" हे उत्तर आलं तर कूस बदलल्याची नोंद दाखवा म्हणा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची पद्धत आहे, काहींना कमी-जास्त लागतं, पण वेळ आणि सही असलेला कागद हवाच. सगळ्या वेळा एकाच पेनाने एकाच दमात भरल्यासारख्या दिसल्या तर काय ते समजा. बेडसोरची सुरुवात कंबरेखालच्या हाडावर नाहीतर टाचेवर लाल डागाने होते, बोटाने दाबलं तरी तो पांढरा पडत नाही. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा जास्त काळी लागते का ते हाताने बघावं लागतं, आणि स्टाफला हे माहीत आहे का ते विचारायला अजिबात लाजू नका.

आता रात्रीचं, आणि माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. दिवसा सगळीकडे माणसं दिसतात. रात्री दोन वाजता मजल्यावर किती जण जागे असतात, त्यात शिकलेली नर्स आहे की फक्त अटेंडंट, एक जण एका पेशंटला बाथरूमला घेऊन गेला तर बाकीच्यांकडे कोण बघतं? डिमेन्शियाची माणसं संध्याकाळनंतर जास्त अस्वस्थ होतात, उठून चालायला लागतात, आणि माणसं कमी असतात ती नेमकी तेव्हाच. त्यामुळे दुसऱ्यांदा जाताना न सांगता जा, शक्यतो जेवणाच्या वेळी किंवा सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, आणि बेल वाजल्यावर कोणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. स्टाफ सारखा बदलतो का हेही विचारा, कारण आत्या नेहमीपेक्षा गप्प आहेत हे त्यांना रोज बघणाऱ्यालाच कळणार.

औषधांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. माणसं कमी असली की अस्वस्थ पेशंटला गोळी देऊन झोपवायचं हा सोपा मार्ग असतो. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये अँटीसायकोटिक औषधांनी (भास, भ्रम, आक्रमकपणा यांवर दिली जाणारी औषधं) मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००५ मध्ये त्यातल्या नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांवर तशी ठळक वॉर्निंग छापायला लावली. कधी कधी ती खरंच लागतात, नाही असं नाही, पण कुणी लिहून दिली, कशासाठी, किती दिवस आणि परत कधी तपासणार हे नातेवाइकांना कळलंच पाहिजे. झोपेच्या गोळीनेही तोल जातो, म्हणजे पडण्याची भीती अजून वाढली. तुम्ही गेलात आणि भर दुपारी सगळा हॉल पेंगताना दिसला तर मी तिथे माझं माणूस ठेवणार नाही.

बांधून ठेवण्याचंही तसंच. "पडू नयेत म्हणून बांधतो" हे ऐकायला काळजीचं वाटतं पण बांधल्याने स्नायूंची ताकद जाते, बेडसोर होतात, सुटायच्या धडपडीत इजा होते. बेडच्या दोन्ही बाजूंना उंच कठडे लावले तर गोंधळलेला माणूस वरून चढून जातो आणि जास्त उंचावरून पडतो, किंवा मध्ये अडकतो. आत्या आधीच एकदा पडल्यात म्हणून हे तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. त्यापेक्षा बेड खाली घेता येतो का, टॉयलेटजवळ धरायला दांडा आहे का, रात्री वाटेवर उजेड असतो का, आणि ठरावीक वेळाने स्वतःहून बाथरूमला नेतात का ते बघा, कारण बरीचशी पडझड घाईने एकटं बाथरूमला जाताना होते. नळाच्या गरम पाण्याखाली हात धरून बघा, ६० डिग्रीचं पाणी काही सेकंदांत भाजतं आणि आत्यांना हात पटकन मागे घ्यायचं सुचेलच असं नाही.

जेवणाच्या वेळी एवढंच बघा की भरवणारा माणूस शेजारी बसून, पेशंटला ताठ बसवून, घास गिळेपर्यंत थांबतोय की उभ्याउभ्या चमचे कोंबतोय. आडवं असताना भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. वजन दर महिन्याला करतात का विचारा, महिन्यात ५ टक्के घटलं तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

लायसन्स, तपासणीचा रिपोर्ट, करार हे सगळं मागून घ्या, आजार वाढला तर ठेवून घेणार की घेऊन जा म्हणणार हे करारात नक्की वाचा. भेटायला फक्त ठरलेल्या तासालाच या असं कोणी म्हणत असेल तर माझं मत लगेच खराब होतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या जुन्या ठिकाणी मुख्य नर्सने तुम्हालाच आत्यांच्या सवयी, औषधं, झोप सगळं विचारलं आणि चकचकीत ठिकाणी फक्त पॅकेज सांगितलं. माझा कल जुन्याकडे आहे, पण रात्रीच्या स्टाफचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नका. ठेवायचं ठरलं तर आत्यांच्या सगळ्या औषधांची डोससकट यादी, अॅलर्जी, चष्मा, कानाचं मशीन, कवळी नाव घालून द्या, आणि पहिले काही आठवडे घरातल्यांनी वेगवेगळ्या वेळी आळीपाळीने जा, जाल तेव्हा मोजे काढून टाचा बघा.