शिक्क्याच्या आधी दागिन्याची पाठ

फोंडा, गोवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मडगावच्या एका जुन्या घरातून विक्रीस आलेल्या ब्रोचविषयी तू सविस्तर लिहिलेस आणि छायाचित्रेही पाठवलीस, हे बरे केलेस. मध्ये तांबडे खडे, कडेने बारीक पांढरे, मागे हरणाच्या डोक्याचा शिक्का, आणि विकणाऱ्याचे म्हणणे असे की वस्तू १९५० च्या सुमारास लिस्बनहून आणलेली आहे. तुझ्या पत्रातला निम्मा मजकूर त्या शिक्क्यावरच खर्च झाला आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. शिक्का शेवटी वाचावा, कारण तो एकदा पटला की डोळे बाकीचे काही तपासायला तयार होत नाहीत.

तो शिक्का नेमके किती सांगतो, ते पाहा. पोर्तुगालमध्ये सोन्याची रूढ शुद्धता हजारात ८००, म्हणजे १९.२ कॅरेट, आणि तिची खूण म्हणून हरणाचे डोके १९३८ पासून पुढे कित्येक दशके वापरात होते. शिक्का अस्सल ठरला, तरी वस्तू १९५० ची की १९८० ची हे त्यावरून कळणार नाही. शेजारी कारागिराचा स्वतंत्र शिक्का असतो. काळ ठरवायला त्याचा उपयोग अधिक, आणि तुझ्या छायाचित्रात नेमका तोच अंधुक आला आहे. उलट आपल्या शेटांनी, म्हणजे गोव्यातल्या सोनारांनी, घडवलेल्या जुन्या पाटल्यांवर किंवा कुड्यांवर बहुधा कसलाच शिक्का आढळत नाही, म्हणून इथल्या जुन्या घडणीत शिक्का नसणे हा दोष मानू नये. (दिसेल त्या जुन्या वस्तूला ‘पोर्तुगीज काळातली’ म्हणण्याची आपल्याकडची सवयही सोड, १९६० सालीसुद्धा इथे पोर्तुगीज काळच होता.)

आता ब्रोच उलटा कर आणि दहापटीच्या भिंगाखाली सावकाश पाहा. खरी झीज असमान असते. टाचणी जिथे आकड्यात अडकते तिथे धातू घासलेला असावा, बिजागरी किंचित सैल झालेली असावी, खडे धरणाऱ्या नख्यांची टोके कापडावर घासून बोथट झालेली असावीत. पण कपड्याचा स्पर्श जिथे पोचत नाही त्या खोलगट भागात मूळची धार आणि कारागिराच्या कानशीचे ओरखडे शिल्लक राहिले पाहिजेत. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सगळीकडे सारखीच काळवंडलेली आणि सारखीच गुळगुळीत दिसते. झाळकामाचा, म्हणजे धातूचे तुकडे जोडलेल्या सांध्यांचा, रंगही नीट पाहा. बाकीच्या पाठीशी न जुळणारा डाग म्हणजे दुरुस्ती, आणि टाचणी बदललेली असली तर किंमत थोडी कमी होते, एवढेच. परंतु शिक्का असलेला तुकडाच नंतर झाळून बसवलेला दिसला, तर पुढे बोलणे नको.

खडे खोटे असतील ही तुला वाटलेली भीती अर्धीच बरोबर आहे. ज्वालेत वितळवून माणिक बनवण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुई याची पद्धत १९०२ साली जाहीर झाली आणि पुढे असे माणिक उत्तम सोन्यातही सर्रास बसवले गेले. तेव्हा भिंगाखाली वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसले, तर खडा कृत्रिम आहे, पण दागिना त्यामुळे खोटा ठरत नाही. फक्त माणकाचा भाव देऊ नये. पांढऱ्या खड्यांची गोष्ट निराळी. ते क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे, निघाले, तर ते मूळचे असूच शकत नाहीत, कारण तो खडा बाजारात १९७६ च्या सुमारास आला. अशा वेळी कोंदणे तपासावीत: नख्या उघडून पुन्हा दाबल्याच्या खुणा असतील तर केवळ खडे बदलले आहेत, नसतील तर सगळा ब्रोचच नंतरचा आहे.

कस लावायचा झाल्यास कोणत्याही सराफाला दर्शनी बाजू कसोटीवर घासू देऊ नकोस. क्ष-किरण यंत्र ओरखडा पाडत नाही, पण ते फक्त वरचा थर वाचते. मुलामा जाड असेल तर फसते. म्हणून झिजलेल्या जागेवर निराळी आणि झाकलेल्या जागेवर निराळी नोंद घ्यायला सांग. आणि कृपा करून आधी पॉलिश करून घेऊ नकोस, कारण आपल्याला वाचायचा आहे तो मजकूर त्यातच पुसला जातो.

घराण्याची कथा ऐकून घ्यावी, पण तिला कागदाची जोड मागावी. बांको नासिओनाल उल्ट्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे गहाण पडलेले गोमंतकीयांचे दागिने १९६१ साली मुक्तीपूर्वी लिस्बनला नेण्यात आले आणि १९९१ मध्ये परत आले, हे खरे. त्यामुळे ‘बँकेतून सुटलेले सोने’ ही कथा गोव्यात सहज खपते. जिथे ती खरी असेल, तिथे गहाणाची किंवा सुटकेची पावती मिळण्याची आशा धरता येते.

तुझ्या ब्रोचपुरते सांगायचे, तर टाचणी, झीज आणि पांढरे खडे एकाच काळाची साक्ष देत असतील तरच घे. भाव करताना सराफी फलकावरचा २२ कॅरेटचा दर धरू नकोस. शुद्ध सोन्याच्या दराचे ऐंशी टक्के धरून, खड्यांचे वजन वजा करून, त्यावर घडणावळीसाठी तुला योग्य वाटेल ती रक्कम दे. पावतीवर वजन, शुद्धता आणि ‘तांबडे खडे कृत्रिम’ किंवा ‘नैसर्गिक’ असे विकणाऱ्याच्या सहीने लिहून घे. लिहायला तो कां-कूं करू लागला, तर ब्रोच तिथेच ठेवून ये आणि कारागिराच्या शिक्क्याचे स्पष्ट छायाचित्र तेवढे मला पाठव.

तुझा हितचिंतक