रजिस्टरमधला आकडा आणि लागणारी माणसं

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लॅबच्या मनुष्यबळाचा तुझा कच्चा मसुदा वाचला. तक्ते नेटके आहेत, बेरजाही बरोबर. पण मागच्या तपासण्यांचा आकडा घ्यायचा, त्यावर दरसाल वाढीची टक्केवारी चढवायची, एका तंत्रज्ञाच्या क्षमतेने भागायचं आणि उत्तर ‘गरज’ म्हणून मांडायचं, हे मला पटलं नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो.

रजिस्टरमध्ये फक्त झालेल्या तपासण्या असतात. व्हायला हव्या होत्या पण झाल्या नाहीत, त्या कुठेच लिहिलेल्या नसतात. दुपारनंतर नमुने घेणं बंद होतं, म्हणून रुग्ण तसाच परत गेला. रिएजंट, म्हणजे तपासणीला लागणारं रसायन, संपलं होतं. कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याचा) रिपोर्ट वेळेत येत नाही हे ठाऊक असल्यामुळे डॉक्टरांनी अंदाजानेच अँटिबायोटिक सुरू केलं. अशा लॅबचा आकडा लहान दिसतो, तिथलं रिकामं पद भरायची कुणाला घाई वाटत नाही, तपासण्या आणखी घटतात, आणि पुढच्या आराखड्यात तोच घटलेला आकडा ‘मागणी नाही’ याचा पुरावा होऊन बसतो. तुझ्या तक्त्यात ज्या लॅबसमोर ‘अतिरिक्त कर्मचारी’ असं आलं आहे, त्या मी आधी तपासून पाहीन.

अनावश्यक तपासण्यांवर तू दोन पानं लिहिली आहेत. विषय खरा आहे. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५ वर्षांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात गरजेपेक्षा जास्त तपासण्यांचं सरासरी प्रमाण २०.६ टक्के निघालं आणि हव्या असून न सांगितलेल्यांचं ४४.८ टक्के. दोन्ही टक्केवाऱ्या वेगवेगळ्या एकूण आकड्यांवर काढलेल्या आहेत, त्यामुळे वजाबाकी करत बसू नकोस. पण दुसऱ्या बाजूला तू अर्धं पानही दिलेलं नाहीस. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या निदानसेवांवरील आयोगाने २०२१ मध्ये मांडलं होतं की जगातल्या ४७ टक्के लोकांना निदानसेवा जवळजवळ मिळतच नाहीत. उधळपट्टीची चर्चा सोपी असते, कारण ती बिलात दिसते.

आता मोजणीकडे. जागतिक आरोग्य संघटनेची कामाच्या भारावरून माणसं काढायची पद्धत तू वापरली आहेस (२०१० ची सुधारित पुस्तिका नीट वाच), पण अर्धवट. त्या पद्धतीत सुरुवात माणसाकडे खरोखर किती वेळ आहे इथून होते. ५२ आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे २६०. सुट्ट्या, रजा, आजारपण, प्रशिक्षण यांत समजा ४५ गेले, उरले २१५. रोज आठ तास धरले तर वर्षाला १,७२० तास. तातडीच्या तपासण्यांचं एक टेबल चोवीस तास चालवायचं, तर वर्षाचे तास होतात ८,७६०. भागून बघ, पाचाच्या थोडं वर येतं. तीन पाळ्या म्हणून तू तीनच माणसं धरली आहेस. न धरलेल्या दोघांच्या वाट्याचं काम, रजेच्या दिवसांचं आणि रात्रींचं, कोणाच्या अंगावर पडणार, ते लॅबमधल्या कुणालाही विचार.

दुसरं, ‘एक तपासणी’ म्हणजे काय ते आधी ठरव. काही लॅब लिव्हर प्रोफाइल एकच मोजतात, काही त्यातला प्रत्येक घटक वेगळा मोजतात. दोघींचे आकडे एकाच रकान्यात टाकलेस तर तक्ता कितीही सुबक असला तरी फुकट. शिवाय सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मशिनमधून मिनिटाभरात बाहेर पडते. मलेरियाची जाड फिल्म (काचेवरचा रक्ताचा जाड थर) निगेटिव्ह म्हणण्याआधी माणसाला सूक्ष्मदर्शकाखाली १०० फील्ड (एका नजरेत दिसणारे भाग) पाहावी लागतात. क्षयाचे जंतू शोधायच्या झील-नील्सन पद्धतीच्या थुंकीच्या स्लाइड एका माणसाने दिवसाला २०-२५ च्या वर पाहू नयेत असं सांगतात, कारण त्यापुढे नजर ढिली पडते. रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येकीची एकच ओळ.

मशिन आलं की माणसं कमी करायची, या वाक्याशीही मी अडखळलो. मशिन हाताचं काम वाचवतं हे खरं, पण कॅलिब्रेशन (मशिनचं माप जुळवणं), रोजचं क्यूसी (निकाल बरोबर येतात का याची पडताळणी), देखभाल, धोक्याचा निकाल आला की वॉर्डला फोन, ही कामं सोबत घेऊन येतं. यात वेळेचा २० टक्के भाग जात असेल, तर चार माणसांच्या कामाला पाच लागतात. आणि बऱ्याच चुका नमुना मशिनपर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या असतात. रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, नमुना पुन्हा मागवावा लागतो. रक्त काढणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्सिंगच्या यादीत असते, म्हणून तुझ्या हिशेबात ती नाहीच.

कुठे आधी माणूस द्यायचा, हे निव्वळ तुटीवरून ठरवू नकोस. बारा हवेत आणि दहा आहेत, तिथे दोनांची तूट. दोन हवेत आणि एक आहे, तिथे एकाचीच. पण असलेल्या आणि हव्या असलेल्या माणसांचं गुणोत्तर पहिल्या ठिकाणी ०.८३ आहे, दुसऱ्या ठिकाणी ०.५. तो एकटा आजारी पडला की लॅबला कुलूप.

प्रस्तावनेतलं ‘७० टक्के वैद्यकीय निर्णय लॅबवर अवलंबून असतात’ हे वाक्य काढून टाक. सगळेच ते लिहितात, पण माग काढत गेलं की भक्कम पुरावा हाती लागत नाही. त्याच्याशिवायही तुझं म्हणणं उभं राहतं.

पुढची दुरुस्ती टेबलावर बसून करू नकोस. तीन वेगळ्या आकाराच्या लॅब निवड आणि सकाळी नमुन्यांची गर्दी असते तेव्हा घड्याळ घेऊन तिथे थांब. नाकारलेल्या आणि बाहेर पाठवलेल्या नमुन्यांची नोंद माग. मग वॉर्डमधल्या डॉक्टरांना विचार, कोणत्या तपासण्या लिहायच्या त्यांनी सोडून दिल्या आहेत. सुधारलेला मसुदा पाठवशील तेव्हा वेळा टिपलेले कागदही जसेच्या तसे जोड. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

कळावे.