सरोद ऐकायला सुरुवात: अली अकबरांची १९५५ची एलपी

तुम्ही लिहिलंय की सतार आवडते पण सरोदचा तासाभराचा अल्बम लावला आणि आलापातच, म्हणजे ताल सुरू होण्याआधीच्या संथ भागातच, कंटाळा आला, आता काय ऐकू. माझं मत, उस्ताद अली अकबर खाँची १९५५ची न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालेली एलपी (मोठी तबकडी) घ्या, एका बाजूला सिंधु भैरवी आणि दुसऱ्या बाजूला पिलू, तबल्यावर चतुरलाल. खरं तर बोलावणं रविशंकरांना होतं, त्यांना जमेना म्हणून त्यांनी अली अकबरांचं नाव सुचवलं. सुरुवातीला व्हायोलिनवाले येहुदी मेन्यूहिन इंग्रजीत ओळख करून देतात, म्हणजे समोरचा श्रोता तुमच्याइतकाच नवा होता, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. दोन्ही राग ठुमरी अंगाचे, म्हणजे हलक्याफुलक्या गायकीच्या ढंगाचे, लगेच कानात बसणारे. (आपल्याकडे मैफलीत शेवटची भैरवी सुरू झाली की लोक चपला शोधायला लागतात, तिकडे सिंधु भैरवी सकाळचा राग म्हणून पहिलीच भेटली, असो.)

ऐकताना एकच गोष्ट धरा, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. सतारीला पडदे असतात, तिथे तार बाजूला ओढून मींड काढतात, सरोदला पडदेच नाहीत, गुळगुळीत स्टीलच्या पट्टीवर डावं बोट सरकतं आणि उजव्या हातातल्या नारळाच्या करवंटीच्या जव्याने (तार छेडायच्या तुकड्याने) आघात होतो, शिवाय खालचा भाग कातड्याने मढवलेला, म्हणून प्रत्येक सुराला आधी जरा ठोक लागतो आणि मग तो गात गात पुढे जातो. पिलूत कोमल आणि शुद्ध दोन्ही गंधार (ग) येतात, एकावरून दुसऱ्यावर अली अकबर कसे घसरतात ते दोनतीनदा मागे नेऊन ऐका, एवढं पकडलंत तर आलाप कंटाळवाणा वाटणार नाही.

हे पचलं की त्यांचाच चंद्रनंदन. मालकंस, चंद्रकंस, नंदकंस आणि कौशी कानडा मिसळून त्यांनी स्वतः बांधलेला राग, आधी तीनेक मिनिटांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीवर आला आणि नंतर महापुरुष मिश्रांच्या तबल्यासोबत वीसेक मिनिटांचा. तुम्ही मोठाच ऐका, छोट्यात राग नुसता डोकावतो आणि जातो. आणि प्लीज मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार त्यात ऐकूच येत नाही आणि मग लोक म्हणतात सरोद टणटण वाजतं, साधे इयरफोन असले तरी चालतील. दुसरे मोठे सरोदवादक अमजद अली खाँ त्यानंतर घ्या, ते तार नखाने दाबतात त्यामुळे आवाज एकदम लखलखीत येतो, दोघांचं लागोपाठ ऐकलं की फरक लगेच कळेल.