आठ-दहा हजारांत गेमिंग, गाणी आणि सिनेमे या तिन्हींसाठी एकच हेडफोन घ्यायचा आहे. ७.१ वाला (चहूबाजूंनी आवाज येतोय असं भासवणारा) गेमिंग हेडसेट घ्यावा की साधा हेडफोन?

साधा घ्या. वायरवाला, कान पूर्ण झाकणारा, क्लोज्ड बॅक, म्हणजे बाहेरच्या बाजूने बंद. माईक वेगळा घ्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतो, '७.१ नसेल तर गेममध्ये पावलं कुठून येतायत ते कळणारच नाही', आणि ते वाचून मला राहवेना. हे वाक्य आमच्या घरात दर दिवाळीला ऐकू येतं. म्हणणारे आमचे दाजी.

दाजींचा सांगलीकडे साऊंड सिस्टीमचा धंदा आहे. गणपती, वराती, जयंत्या, पुढाऱ्यांच्या सभा. साध्या भाषेत डॉल्बी. त्यामुळे आवाज या विषयावर घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी पुण्यात एका स्टुडिओत ऑडिओबुकांचं एडिटिंग करते. दिवसभर हेडफोन घालून वाचणाऱ्याचे श्वास, ओठांची टकटक, पान उलटल्याची सळसळ, मध्येच बाहेरून गेलेली रिक्षा हे सगळं शोधायचं आणि काढायचं. दाजींच्या मते हे बसल्या जागचं काम, त्यात आवाजाचं काय कळायचंय. आवाज छातीत बसला पाहिजे, नाहीतर तो त्यांच्या हिशेबात आवाजच नाही.

तर भाच्याने गेमिंगसाठी हेडफोन मागितला तेव्हा मी ताईला एक मॉडेल सुचवलं होतं. दाजींनी ते बघितलं, "४० मिमीचा ड्रायव्हर? यात काय वाजणार?" म्हणाले (ड्रायव्हर म्हणजे हेडफोनच्या आतला छोटा स्पीकर) आणि ५० मिमीवाला, खोक्यावर ७.१ लिहिलेला, कडेने लाल-निळे दिवे फिरणारा हेडसेट घेऊन आले. कंपनीचं नाव सांगत नाही, असा माल सगळेच विकतात. दिव्यांबद्दल एवढंच म्हणेन की डोक्यावर घातल्यावर घालणाऱ्याला ते दिसत नाहीत.

आणि ४० मिमीचं म्हणाल तर सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत चालतोय, त्याचा ड्रायव्हर ४० मिमीचाच आहे. आकड्यावरून आवाज ओळखणं ही मंडपातली सवय. मैदानातली हवा हलवायला मोठा स्पीकर लागतो, कानापासून बोटभर अंतरावर नाही लागत.

भाचा काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळतो. मीही खेळते. (हो, मावश्याही खेळतात.) दिवाळीला गेले तर त्याची तक्रार तयार होती, "मावशी, मागून येणारा मला समोर ऐकू येतो." दाजींचं निदानही तयार होतं, याच्यापेक्षा वरचं मॉडेल घ्यायला हवं होतं.

आवाज डावीकडून येतोय हे कळायला सोपं असतं. तो डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. हा वेळेचा फरक मिलिसेकंदाहूनही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. समोर की मागे हे मात्र त्यावरून ठरत नाही, कारण दोन्ही बाबतीत आवाज दोन्ही कानांत एकदमच पोचतो. तिथे बाहेरच्या कानाचा वेडावाकडा आकार उपयोगी पडतो. समोरून आलेल्या आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी तो दाबतो, मागून आलेल्यातल्या वेगळ्या दाबतो, आणि मेंदू लहानपणापासून हे शिकत आलेला असतो. हीच करामत हिशेब करून दोन कानांच्या आवाजात भरायची, याला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइकसारखे गेम ती स्वतःच भरतात. पाऊल नेमकं कुठे पडलं हे गेमइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

हेडसेटचं ७.१ म्हणजे त्याच्या आत सात स्पीकर आणि एक वूफर नव्हे. असल्या बहुतेक हेडसेटांत ड्रायव्हर दोनच असतात, बाकीचं सगळं सॉफ्टवेअर. गेमने दिशा भरून दिलेला आवाज हे सॉफ्टवेअर घेतं आणि त्यात पुन्हा आपल्या अंदाजाने दिशा भरतं. वर थोडा घुमारा घालतं, म्हणजे खोली मोठी वाटावी. एवढं झाल्यावर समोरचा आणि मागचा यांत फरक राहीलच कसा?

हे मी दाजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं." मग म्हटलं, करूनच बघू.

भाच्याचा कॉम्प्युटर आणि माझा लॅपटॉप एका नेटवर्कवर घेतले, रिकामा मॅप उघडला. भाच्याला खुर्चीत बसवलं, हेडसेट घातला, डोळ्यांवर ताईची ओढणी बांधली. त्याचा खेळाडू एका जागी उभा, मी माझ्याकडून त्याच्याभोवती फिरणार आणि त्याने बोटाने दाखवायचं, पावलं कुठून येतायत. आधी ७.१ चालू ठेवून. डावं-उजवं बरोबर येत होतं. मी अगदी पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि जागच्या जागी पावलं वाजवली, तर पोराचं बोट समोरच्या टीव्हीकडे. पुन्हा केलं, पुन्हा टीव्हीकडे. ताई चकल्यांचा डबा घेऊन दारात उभी राहून हसत होती. मग काही न बोलता हेडसेटचं ॲप उघडून ७.१ बंद केलं, विंडोजचा स्पेशियल साऊंडही (विंडोजची स्वतःची अशीच दिशा भरण्याची सोय) बंद आहे ना ते बघितलं आणि पुन्हा फिरले. हेडसेट तोच, पोरगं तेच. आता मागे गेले की बोट मागे, स्वयंपाकघराकडे. प्रत्येक वेळी नाही, कारण गेममधला हिशेब कुणा सरासरी कानाचा असतो, आपल्या कानाचा नाही. पण फरक इतका उघड होता की ताईसुद्धा म्हणाली, आता मला बांधा. तिने जन्मात गेम खेळलेला नाही. तिचंही बोट बरोबर जात होतं.

दाजी म्हणाले, "पोराला मॅप पाठ झालाय." बायकोला कधी पाठ झाला ते विचारलं, तर म्हणाले, "पण आवाज बारीक झाला बघ."

आता हे मात्र खरं होतं. त्या ॲपमध्ये ७.१ चालू केलं की आवाज थोडा वाढत होता आणि बासही फुगत होता. आणि याबद्दल मला कुणी शिकवलं असेल तर दाजींनीच! लग्नाच्या मांडवात गिऱ्हाईक येऊन 'मजा येईना' म्हणालं की त्यांचा ऑपरेटर मिक्सरवर बरीच बटणं फिरवल्यासारखं करतो आणि शेवटी मास्टर थोडा वर सरकवतो. गिऱ्हाईक खूश. ही गोष्ट दाजींनी स्वतः जेवताना सांगितलेली आहे, हसत हसत. दोन गोष्टींतली मोठी वाजणारी चांगली वाटते, हा कानाचा स्वभाव आहे, आणि गेमिंग हेडसेटवाले त्यावरच जगतात. दुकानात दोन हेडफोन लावून बघाल तेव्हा आधी दोन्हींचा आवाज अंदाजाने सारखा करून घ्या. मगच मत बनवा.

'वरच्या मॉडेल'चंही सांगून टाकते. येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं आणि किमती ताडून पाहिल्या. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कुठली पट्टी किती जोरात वाजते ते, आणि किंमत यांचा काही संबंध सापडला नाही. जास्त पैशांत चांगली बांधणी मिळते, गाद्या मऊ मिळतात, सुटे भाग मिळतात. मी हा लेख दाजींना पाठवला होता. निळी टिक आली. उत्तर अजून नाही.

बरं, तुमचं. माझी निवड ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स. वायर सुटी होते, घडी होतो, ३५ ओमचा आहे त्यामुळे लॅपटॉप, फोन कशावरही पुरेसा वाजतो. भाव रोज बदलतात, सेल बघून घ्या. सोनी ७५०६ मिळत असेल तर तोही छान, फक्त त्याची गुंडाळीची वायर कायमची जोडलेली असते आणि वरचे, म्हणजे ट्रेबलचे, आवाज जरा टोचरे आहेत. बंदुकीचे आवाज तासन् तास ऐकले की कान थकतात. पैसे कमी पडले तर ऑडिओ-टेक्निकाचाच एम२०एक्स घ्या आणि उरलेल्यांतून माईक. बेयरडायनामिकचा डीटी ७७० प्रो घालायला सगळ्यांत आरामशीर, पण तो ३२, ८० आणि २५० ओममध्ये येतो. स्वस्तात दिसला म्हणून २५० वाला उचललात तर लॅपटॉपवर आवाज पूर्ण वाढवूनही तो कमी पडण्याची शक्यता जास्त. मग जोर वाढवायला ॲम्प घ्या, मग डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारा डॅक घ्या, आणि तुमचे दहा हजार कुठे गेले ते कळणारही नाही.

गाण्यासाठी पारखायचं तर मी तानपुरा ऐकते. नुसता तानपुरा, मग त्यावर आवाज लागतो तो क्षण. जवारीतून सुटणारे वरचे स्वर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत आणि गाणाऱ्याचा षड्ज त्यांत मिसळूनही वेगळा कळला पाहिजे. मग तबला. डग्ग्यावर मनगट दाबून घुमक ओढली की स्वर खालून वर सरकतो, तो सरकताना ऐकू यायला हवा. दाजींच्या हेडसेटवर तिथे नुसतं धप्प होत होतं. सगळीकडे एकच धप्प, आणि गेममध्येही तेच, स्फोट झाला की त्याच्या मागची पावलं गडप. बास जास्त हवाच असेल तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात वाढवा. सपाट, म्हणजे कुठलाच भाग न फुगवणाऱ्या हेडफोनमध्ये बास घालता येतो. फुगलेल्या बासमध्ये बुडालेलं बाहेर काढणं फार कटकटीचं.

सिनेमाचं फार सांगण्यासारखं नाही. संवाद बारीक आणि मारामारी कान फाडणारी असं होत असेल तर प्लेअरमध्ये ऑडिओ ट्रॅक ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

ब्लूटूथ नको. गाण्यांना चालेल, सिनेमालाही चालेल, कारण ॲप चित्र थोडं मागे ठेवून जुळवून घेतं. गेम तसं करू शकत नाही, आणि साध्या ब्लूटूथवर गोळीचा आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशिरा येतो. शिवाय त्याचाच माईक चालू केला की नेहमीचं ब्लूटूथ कॉलच्या मोडवर जातं आणि सगळा आवाज फोनवरच्यासारखा मोनो होतो. वायर नकोच असेल तर यूएसबी डोंगलवाला २.४ गिगाहर्ट्झचा हेडसेट घ्या, पण मग आवाजात तडजोड करावी लागेल.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, रागाच्या भरात राहिल्या. ७.१ सगळीकडेच टाकाऊ असं नाही. काही गेमांत हेडफोनसाठी दिशा भरण्याची सोयच नसते आणि ते खरोखर सात चॅनेल बाहेर देतात, ५.१ ट्रॅकचे सिनेमे असतात; तिथे हे सॉफ्टवेअर कामाचं आहे. पण त्यासाठी हेडसेट कशाला हवा? हेच काम करणारं विंडोज सॉनिक २०१७ पासून विंडोजमध्येच फुकट आहे आणि कुठल्याही हेडफोनवर चालतं. पीएस५ असेल तर तिचा थ्रीडी ऑडिओही कंट्रोलरच्या जॅकला लावलेल्या साध्या हेडफोनवर चालतो. एका वेळी एकच काहीतरी चालू ठेवा, एवढंच.

स्वतःची वेगळी खोली असेल तर ओपन बॅकचा, म्हणजे बाहेरच्या बाजूने उघड्या हेडफोनचा, विचार करा. कान तापत नाहीत, आवाज मोकळा लागतो. मी सुचवत नाहीये, कारण बहुतेकांच्या घरात पंखा, कुकर आणि बाहेरची मालिका एकाच वेळी चालू असते, आणि ओपन बॅकमधून ते सगळं आत येतं, तुमचं सगळं बाहेर जातं. चष्मा असेल तर घालून बघितल्याशिवाय कुठलाच घेऊ नका. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, जिथे डोक्यावर चढवून देतील तिथे जा, पण बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय हलू नका. नामांकित मॉडेलांच्या नकला हुबेहूब असतात. गाद्यांचं रेक्झिन मुंबई-कोकणच्या दमट हवेत लवकर सोलवटतं, म्हणून त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का तेही आधीच विचारा.

आणि आवाज कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत असा आहे, आणि गेमरचे ४० तास कधीच भरतात. दाजींकडे हल्ली टीव्ही इतका मोठा असतो की ताई दुसऱ्या खोलीत जाऊन फोनवर बोलते. त्यावर मात्र आमच्याकडे वाद होत नाही, कुणी विषयच काढत नाही.

माईकला शर्टाला अडकवायचा साधा कॉलर माईक पुरतो, मित्रांशी बोलायला रेडिओचा निवेदक व्हायची गरज नाही. लॅपटॉपला एकच जॅक असेल तर हेडफोन आणि माईक वेगळे करणारा स्प्लिटर लागेल. दुकानदार हमखास दोन हेडफोन लावायचा देतो, दिसायला तसाच असतो. त्याच्या दोन टोकांवर हेडफोन आणि माईक अशी वेगवेगळी चित्रं आहेत ना, ते बघून मगच पैसे द्या.