काव्यशास्त्रीय ग्रंथाची आवृत्ती आणि अनुवाद कसा पारखावा?

संस्कृत जेमतेम येत असताना काव्यशास्त्रावरील ग्रंथाची एखादी आवृत्ती आणि तिचा मराठी अनुवाद भरवशाचा आहे की नाही, हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. असे पुस्तक हाती आले की मी प्रस्तावना मागे ठेवतो आणि मूळ संहिता जिथे सर्वांनाच अडवते, ती जागा आधी उघडतो.

संपादनासाठी माझी ठरलेली जागा म्हणजे भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’वरील अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ या टीकेतील रससूत्राचा (रस कसा निर्माण होतो हे सांगणाऱ्या सूत्राचा) भाग. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत 1926 पासून ही टीका रामकृष्ण कवींनी छापली. परंतु हस्तलिखिते इतकी भ्रष्ट होती की, प्रत्यक्ष अभिनवगुप्त स्वर्गातून उतरले तरी त्यांना आपला मूळ पाठ सहजी लावता येणार नाही, हा एका विद्वान मित्राचा अभिप्राय कवींनी स्वतःच नोंदवला. अशा ग्रंथाची पाने एकही शंका न दाखवता छापलेली दिसली, तर मला संपादकाचाच संशय येतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या ‘काव्यानुशासन’ या ग्रंथावरील ‘विवेक’ टीकेत याच भागातील लांबलचक उतारे जवळजवळ शब्दशः घेतले आहेत, आणि त्यांच्या आधारे काही बिघडलेली वाक्ये दुरुस्त करता येतात. हा साक्षीदार तपासला आहे का, आणि जिथे पाठ बदलला तिथे हस्तलिखितातील पाठ तळटीपेत ठेवला आहे का, हे पाहण्यासाठी पांडित्य लागत नाही.

अनुवादासाठी मी आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोका’च्या पहिल्या उद्द्योतातील (प्रकरणातील) ‘भम धम्मिअ’ ही महाराष्ट्री प्राकृतातील गाथा पाहतो. ‘धार्मिका, आता खुशाल हिंड, त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झुडपातील माजलेल्या सिंहाने आज मारले,’ असे बोलणारी स्त्री वरकरणी परवानगी देते, पण आपण प्रियकराला चोरून भेटतो त्या जागी त्याने फिरकू नये, हा तिचा हेतू आहे. अनुवादकाने ‘इकडे येऊ नकोस’ असे थेट लिहून टाकले, तर वाच्य विधी (शब्दांनी दिलेली परवानगी) आणि व्यंग्य निषेध (सुचवलेली मनाई) यांतील जे अंतर दाखवण्यासाठी आनंदवर्धनाने ही गाथा घेतली, तेच नाहीसे होते. तो निषेध टीपेत हवा. (मूळ गाथा गाळून केवळ संस्कृत छाया, म्हणजे तिचे संस्कृत रूपांतर, छापणे हेही मी न्यूनच मानतो.)

मराठी अनुवादकाला आणखी एक धोका असतो, तो ओळखीच्या शब्दांचा. अभिनवगुप्ताचा ‘चमत्कार’ म्हणजे आस्वादातील विस्मययुक्त तृप्ती. मराठीत तोच शब्द साधुसंतांच्या कथांकडे जातो. ‘चर्वणा’ हा तर रसास्वादाचा गाभा, आणि आपल्या कानाला मात्र चर्वितचर्वण आठवते. असे शब्द एकदाही न उलगडता जसेच्या तसे उतरवले असतील, तर काम अर्धवट झाले आहे असे समजावे.

सुरुवात करायची असेल, तर रा. पं. कंगले यांचे ‘रस-भाव-विचार’ (यात याच भागाचा मराठी अनुवाद आहे) आणि रानिएरो नोली यांचा रससूत्रभागाचा 1956 मधील इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून एकच परिच्छेद वाचावा, आणि दोघे जिथे वेगळे अर्थ लावतात त्या वाक्यावर पेन्सिलीने खूण करून मग बडोदा आवृत्तीतील तो पाठ काढून पाहावा.